परीक्षा मुलाची की शाळेची?

दहावीचा निकाल लागला की घराघरात पहिला प्रश्न एकच असतो : किती टक्के पडले? पोराला काय येतं, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. यात पालकांचा दोष नाही. अकरावीचा प्रवेश, तंत्रनिकेतन, शिष्यवृत्ती, वसतिगृह, पुढच्या प्रत्येक दारावर हाच आकडा मागितला जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण त्याच पालकाला शेतात सोबती निवडायचा असला, मोटार दुरुस्त करायला माणूस शोधायचा असला किंवा आजारी आईला दवाखान्यात न्यायचे असले, तर तो टक्के विचारत नाही. ज्याला काम येते त्याच्याकडे तो जातो. गुण आणि ज्ञान यांच्यातले हे अंतर सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा जाचही सगळ्यांना होतो. तरीही ते दरवर्षी वाढत चालले आहे.

या प्रश्नाचा आढावा वर्धा जिल्ह्यातून घेण्याला कारण आहे. शाळेने काय शिकवावे आणि शिकलेले कसे तपासावे, याचा इतका मुळापासून विचार देशात फार थोड्या ठिकाणी झाला. तो इथे झाला, प्रत्यक्षात उतरला, मोडला आणि पुन्हा उभाही राहिला. आज इथली मुले बोर्डाच्या, नवोदयच्या, सीईटीच्या आणि नीटच्या रांगेत उभी आहेत. म्हणून दोन्ही बाजूंचे पुरावे इथे हाताशी आहेत. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. ज्ञानाशिवाय मिळालेले गुण गरिबाच्या मुलाला फसवतात आणि गुणांची मोहर नसलेले ज्ञान त्याला दारातच अडवते. त्यामुळे दोहोंतून एक निवडण्यात अर्थ नाही. गुण खरे बोलू लागतील अशी व्यवस्था उभी करणे, हे आपल्यापुढचे काम आहे.

१९३७ : परीक्षेवरचा पहिला हल्ला

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. प्रांतांमध्ये नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती आणि सर्वांना शिक्षण द्यायचे तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. गांधीजींची मांडणी अशी होती : सात वर्षांचे सक्तीचे आणि मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने, आणि त्या उद्योगातून निदान शिक्षकाचा पगार निघावा. सात वर्षांच्या अखेरीस मुलाची तयारी इंग्रजी वगळता मॅट्रिकच्या तोडीची असावी, अशी अपेक्षा होती.

परिषदेत सगळेच माना डोलवत नव्हते. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या मुद्द्यावर स्पष्ट हरकत घेतली. मुलांनी बनवलेला माल बाजारात आला तर कारागिरांच्या पोटावर पाय येईल, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही योजनेचा आराखडा करायला नेमलेल्या समितीत त्यांना घेतले गेले. झाकिर हुसेन अध्यक्ष, आर्यनायकम् निमंत्रक आणि सोबत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी, ख्वाजा गुलाम सय्यदैन अशी मंडळी. समितीने जेमतेम दीड महिन्यात, २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला.

या अहवालातल्या चरख्याची आणि टकळीची चर्चा खूप झाली. त्यातला परीक्षेवरचा भाग मात्र विस्मरणात गेला, आणि आपल्या प्रश्नाला तोच सर्वांत जवळचा आहे. प्रचलित परीक्षापद्धत हा शिक्षणाला लागलेला शाप आहे, असा समितीचा स्वच्छ निष्कर्ष होता. त्यावर तिने सुचवलेला उपाय आजही नवा वाटावा असा आहे. ठरावीक भागातल्या शाळांमधून काही मुले नमुन्यादाखल निवडावीत, शिक्षण मंडळाच्या निरीक्षकांनी त्यांची तयारी तपासावी आणि त्यावरून शाळेचे काम कसे चालले आहे ते ठरवावे. मूल वरच्या इयत्तेत जावे की नाही, हे त्याच्या कामाच्या काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदींवरून शिक्षकाने ठरवावे. म्हणजे सरकारी परीक्षा शाळेची. मुलाचे मूल्यमापन त्याला रोज पाहणाऱ्या गुरुजीचे. एकाच आकड्यावर दोन ओझी लादायची नाहीत, हा त्यातला गाभा.

सुताचा अंक

अहवालाने साडेपाच तासांचा दिवस आखला होता. त्यातले ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणिताला, ३० मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला, १० मिनिटे व्यायामाला आणि १० मिनिटे सुट्टीला. आजच्या पालकाला हे वेळापत्रक पाहून धक्का बसेल. पोरगं तीन तास सूतच काततं, मग शिकतं कधी?

उत्तर सुतातच होते. टकळीवर किंवा चरख्यावर कातलेले सूत अटेरणावर गुंडाळले जाते. चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे ६४० तारा, २,५६० फूट. एक रत्तल सुतात अशा किती गुंड्या बसतात, तो सुताचा अंक. गुंडीचे वजन दोन तोळे भरले तर सूत साधारण वीस अंकाचे झाले. वजन जास्त भरले तर सूत जाड, अंक उतरला. आता मुलाला गुणाकार, भागाकार, प्रमाण, सरासरी हे सगळे लागते आणि ते चुकले तर लगेच कळते, कारण तराजू समोर असतो. कालच्यापेक्षा आज सूत बारीक का निघाले नाही? पेळू खराब होता, हवा दमट होती की हात चुकला? इथून विज्ञान सुरू होते. कापूस कुठून आला, कापड कोणी विकले, गिरण्या कोणाच्या? इथून इतिहास आणि भूगोल.

हा अंकदेखील गुणच होता. याच योजनेतून उभ्या राहिलेल्या सेवाग्रामच्या शाळेत मोजमाप नव्हते, असा समज चुकीचा आहे. उलट ते रोज होते आणि काटेकोर होते. फरक इतकाच की तो आकडा मुलाच्या कामाबद्दल खरे बोलत होता आणि उद्या काय सुधारायचे ते सांगत होता. त्यात पाठांतराला वाव नव्हता.

१९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनंतर ही योजना राबवण्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला आणि सेवाग्राम त्याचे केंद्र बनले. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ती शाळा घडवली. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत या योजनेचा, म्हणजे नई तालीमचा, विस्तार पूर्वबुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंत, म्हणजे सगळ्या आयुष्याला कवेत घेण्यापर्यंत झाला. या शाळेत शिकलेल्यांपैकी डॉ. अभय बंग यांनी आपल्या शाळेबद्दल मनापासून लिहिले आहे. स्वयंपाकघर, शेत आणि हिशेब यांतून विषय कसे उलगडत गेले, ते त्यात वाचायला मिळते. हेच बंग पुढे वैद्यकीय परीक्षांतही सुवर्णपदके मिळवून उत्तीर्ण झाले आणि गडचिरोलीत बालमृत्यूवरचे त्यांचे काम जगभर अभ्यासले गेले. पाया पक्का असेल तर परीक्षा त्याच्यावर उभी राहू शकते, एवढे या उदाहरणावरून नक्की म्हणता येते. अर्थात एका असामान्य विद्यार्थ्यावरून पद्धत सिद्ध होत नाही. बाकीच्यांचे काय झाले, हा प्रश्न उरतोच.

दाखला जाळणारे आणि दाखल्यासाठी लढणारे

विनोबांनी तरुणपणी आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली. आईने विचारले तेव्हा, आपल्याला नोकरी करायचीच नाही तर ही हवीत कशाला, असे त्यांचे उत्तर होते. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले आणि पुढे पवनार ही त्यांची कर्मभूमी ठरली. ज्ञानासाठी ज्ञान कमावणाऱ्या माणसाचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण.

पण याच महाराष्ट्रात दुसरी परंपरा आहे आणि ती तितकीच आदराची आहे. ज्यांच्या सात पिढ्यांना शाळेचा उंबरठा बंद होता, त्यांच्यासाठी दाखला हा अपमानाविरुद्धचा पुरावा होता. डॉ. आंबेडकरांनी पदव्या मिळवल्या त्या शोभेसाठी नव्हे. आडनाव पाहून माणसाची लायकी ठरवणाऱ्या समाजात, ज्याच्यावर आडनावाची सावली पडत नाही असे विद्यापीठाचे प्रमाणपत्र हे मोठे हत्यार होते. म्हणूनच १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून त्यांनी पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि उच्च शिक्षणावर भर दिला. नई तालीमकडे अनेक बहुजन पालकांनी शंकेने पाहिले, त्याचे मूळ इथे आहे. आमच्या पोरांनी पुन्हा हातकामच करायचे आणि साहेबांच्या पोरांनी इंग्रजी शिकायचे, हा सवाल खोटा नव्हता. मद्रास प्रांतात १९५३ मध्ये राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा तिला जातीचा धंदा शिकवणारी योजना म्हणून कडाडून विरोध झाला आणि १९५४ मध्ये कामराज यांनी ती मागे घेतली. सेवाग्रामची कल्पना याहून वेगळी होती. तिथे सगळ्या जातींच्या मुलांनी सगळी कामे करायची होती, सफाईसुद्धा. पण गावातल्या पालकापर्यंत हा फरक पोचवणे सोपे नव्हते.

या दोन्ही परंपरांना जोडणारा एक जुना धागा जोतीराव फुल्यांच्या निवेदनात सापडतो. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य शिकवावे, अशी मागणी होती. नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा, शक्यतो कुणब्या-कारागिरांतूनच आलेला शिक्षक हवा, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे वर्धा परिषदेच्या ५५ वर्षे आधी, आणि बहुजनांच्याच बाजूने, हात आणि अक्षर एकत्र आणण्याची मागणी झाली होती. श्रमाला प्रतिष्ठा आणि शिक्षणाला पूर्ण दर्जा अशा दोन्ही गोष्टी फुल्यांना हव्या होत्या. पुढच्या काळात आपण त्या दोन्ही वेगवेगळ्या गटांना वाटून टाकल्या.

नई तालीम ओसरली तीही याच दरीत. स्वातंत्र्यानंतर सरकारने बुनियादी शिक्षण तत्त्वतः स्वीकारले, पण मॅट्रिकची परीक्षा, इंग्रजी आणि नोकरीची पात्रता जशीच्या तशी ठेवली. एका बाजूला कातकामाची शाळा आणि दुसऱ्या बाजूला नोकरीकडे नेणारी शाळा असा सामना झाला तर पालक कुठे जाणार? कित्येक ठिकाणी बुनियादी शाळेत चरखा धूळ खात राहिला आणि तासाची घंटा जुन्याच विषयांसाठी वाजत राहिली. १९५९ मध्ये तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. ज्ञान देणाऱ्या शाळेला दारावरच्या परीक्षेने हरवले, असा याचा सरळ अर्थ.

टक्के बोलतात, पण काय बोलतात?

आता दुसरी बाजू. ज्या गुणांनी ज्ञानाला हरवले, ते गुण तरी भरवशाचे राहिले का?

राज्याच्या दहावीचा २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतले शाळेकडून मिळणारे २० अंतर्गत गुण बंद झाले होते. वर्धा जिल्हा ज्यात येतो तो नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांवर, राज्यात सर्वांत खाली गेला. ओरड झाली आणि २० गुण परत आले. २०२० मध्ये राज्याचा निकाल ९५.३० आणि नागपूर विभागाचा ९३.८४ झाला. कोविडमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे लक्षात घेतले तरी एका वर्षात एका विभागाची मुले २६ टक्क्यांनी हुशार होत नाहीत. बदलले ते माप. शंभरात ३५ ला उत्तीर्ण आणि त्यातले १८ गुण तोंडी परीक्षेत मिळालेले असतील, तर लेखीत ८० पैकी १७ पुरतात.

२०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२५ मध्ये ९४.१० टक्के निकालात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यात कला-क्रीडेच्या वाढीव गुणांचाही हातभार असतो. मुलांच्या कष्टांचा अनादर करण्याचा इथे हेतू नाही. कला आणि खेळाला मान मिळालाच पाहिजे. पण चित्रकलेतले कौशल्य गणिताच्या टक्केवारीत मिसळले की तो आकडा ना चित्राबद्दल काही सांगतो, ना गणिताबद्दल.

खालच्या इयत्तांत याच्या उलट प्रयोग झाला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय घेतला. आकारिक आणि संकलित मूल्यमापन, अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणी, प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी. कल्पना उत्तम होती आणि १९३७ च्या अहवालाशी तिचे जवळचे नाते होते. पण एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, त्यात निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे. नोंदी लिहायला वेळ उरेना, तेव्हा तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. "वाचनात रस घेतो" हे वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे सारखेच उतरले. नापास करायचे नाही, या शिक्षण हक्क कायद्यातल्या तरतुदीचा अर्थ शिकवले नाही तरी चालते, असा कुठेही नव्हता. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी तोच लावला गेला. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षेची मुभा दिली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली.

प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दिला जातो. २०२४ मध्ये तो वाचू शकणारी मुले निम्म्याहून किंचित कमी होती. कोविडनंतर २०२२ मध्ये तर त्याहूनही कमी. ही मुले पाचवीपर्यंत पोचली, त्यांच्या प्रगतिपुस्तकात श्रेणी आहेत, वर्गोन्नत झाल्याचा शिक्का आहे. आकडा आणि वास्तव यांच्यात फारकत झाली की काय होते, ते इथे दिसते. त्याची किंमत मोजते ते शिकवणी न परवडणारे मूल. ज्याच्या घरी वाचून दाखवणारे कोणी आहे, त्याला शाळेच्या खोट्या श्रेणीने फरक पडत नाही. ज्याच्या घरी तो पहिलाच शिकणारा आहे, त्याच्या आईला "पोरगा चांगला चालला आहे" असे प्रगतिपुस्तक सांगते आणि ती विश्वास ठेवते.

परीक्षेवर परीक्षा

एका आकड्यावरचा भरवसा उडाला की त्याच्या डोक्यावर दुसरी परीक्षा बसते. बारावीचे गुण पुरेनात म्हणून सीईटी आली आणि वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर नीट. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा अकरावीसाठीही सीईटी घेण्याचे ठरले आणि उच्च न्यायालयाने ते रद्द केले. प्रत्येक नव्या परीक्षेबरोबर एक नवी शिकवणी येते, तिची फी येते आणि ज्याच्या बापाकडे ती फी नाही तो एक पायरी मागे पडतो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालून प्रत्यक्षात दिवसभर क्लासला बसायचे, ही पद्धत आता लपून राहिलेली नाही.

सेवाग्रामने याचे एक वेगळे रूप पाहिले. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. अनेक वर्षे संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधीविचाराची स्वतंत्र पत्रिका असे. खेड्यात काम करणारा डॉक्टर हवा असेल तर जीवशास्त्राबरोबर आणखी काही तपासले पाहिजे, अशी त्यामागची भूमिका. नीट आल्यावर ती पत्रिका गेली. पण संस्थेने आपली दृष्टी दारावरून आत हलवली. नव्या विद्यार्थ्यांचे आश्रमातले शिबिर आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तिथल्या घरांशी काही वर्षे नाते ठेवण्याची पद्धत चालू राहिली. यातून घेण्यासारखे आहे. गांधीविचाराची पत्रिकासुद्धा अखेर पाठ करता येते. गावातल्या बाळंतिणीच्या घरी महिन्यामागून महिने जाणे पाठ करता येत नाही. जी गोष्ट गुणांत मोजता येत नाही ती प्रवेश परीक्षेत कोंबण्यापेक्षा शिक्षणातच ठेवावी, हे जास्त टिकाऊ.

गुणांच्या बाजूने एक गोष्ट मात्र आवर्जून मांडली पाहिजे. सेलूकाटे इथल्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवणारे कारंजा किंवा आष्टी तालुक्यातले मूल, किंवा राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेतून वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळवणारी समुद्रपूरची मुलगी, यांच्यासाठी ती परीक्षा हेच एकमेव उघडे दार आहे. मुलाखत, शिफारस, ओळख यांवर प्रवेश झाले असते तर ही मुले तिथे दिसलीच नसती. परीक्षा नको म्हणणे हे ज्यांची ओळखपाळख आहे त्यांना परवडते.

संशोधन आणि कापसाचा काटा

गुण आणि शिकणे यांच्या नात्याबद्दल जगभरचे संशोधन काही ठोस सांगते. १९८८ मध्ये इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी शाळकरी मुलांचे तीन गट केले. एकाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त लेखी अभिप्राय, तिसऱ्याला दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचे काम सुधारले आणि त्यांचा रसही टिकला. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना अभिप्रायाचा फायदा झालाच नाही. आकडा दिसल्यावर अभिप्राय मनात उतरत नाही, हा त्याचा अर्थ. १९९८ मध्ये पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की शिकता-शिकता होणारे, सुधारणेची दिशा देणारे मूल्यमापन मुलांना पुढे नेते आणि मागे पडलेल्यांना त्याचा विशेष लाभ होतो. सुताचा अंक मोजणाऱ्या शाळेला हे ऐकून नवल वाटले नसते. आपल्याकडे यशपाल समितीनेही १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षण मागताना हेच दाखवले होते की मुलांच्या पाठीवरच्या दप्तरापेक्षा न समजता पाठ करण्याचे ओझे भारी आहे.

ज्ञान म्हणजे नेमके काय, हे पाहायला हिंगणघाटच्या कापूस खरेदीपर्यंत जाऊ. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते. ८ ते १२ टक्क्यांदरम्यान ओलावा वाढेल त्या प्रमाणात भाव कापते आणि १२ च्या वर माल घेत नाही. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. ओलावा ११ टक्के भरला तर ३ टक्के कपात, म्हणजे क्विंटलमागे सुमारे २२६ रुपये आणि दहा क्विंटलला २,२५६. आठवीतल्या ज्या मुलीला शेकडेवारीच्या धड्यात पैकीच्या पैकी गुण आहेत, तिला बापाच्या हातातली काटापट्टी तपासता आली तर ते गुण खरे. पहाटे वेचलेला, दवाने ओला झालेला कापूस उन्हात पसरून न्यायचा की तसाच, हे तिला त्या हिशेबातून सांगता आले तर ते ज्ञान. आणि हा प्रश्न परीक्षेत विचारायला कोणाची बंदी आहे? पेपर काढणाऱ्याने पुस्तकातले उदाहरण आकडे बदलून देण्याऐवजी ही काटापट्टी छापली, तर तीच परीक्षा ज्ञानाकडे वळते. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचा बाजार चालतो तो प्रश्न ठरलेले असतात म्हणूनच.

असे ज्ञान देण्याचा प्रयत्न आजही होतो : सेवाग्रामच्या परिसरात २००५ पासून आनंद निकेतन या नावाने नई तालीमची शाळा पुन्हा भरते आहे. सुषमा शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. शेती, स्वयंपाक, कताई, शिवण आणि राज्याचा अभ्यासक्रम तिथे मराठीतून एकत्र चालतात. वाफ्याचे क्षेत्रफळ काढताना भूमिती येते, भाजीचा हिशेब ठेवताना गणित. ही शाळा बोर्डाकडे पाठ फिरवत नाही. जुन्या प्रयोगाची कमजोर जागा ओळखून ती पुढे गेली आहे. अशा शाळेत मोठी गुंतवणूक लागते ती इमारतीत नव्हे, शिक्षकाच्या तयारीत. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेने तिची नक्कल करावी, असे मला वाटत नाही. पण आठवड्यातले दोन तास गावच्या कामाशी विषय जोडणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे.

करायचे काय

इतक्या वर्षांच्या अनुभवातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत.

शाळेची तपासणी आणि मुलाचे मूल्यमापन वेगळे ठेवा. निकालाच्या टक्केवारीवर शाळेची आणि शिक्षकाची किंमत ठरवली की शिक्षकावर आकडा फुगवण्याचा दबाव येतो. झाकिर हुसेन समितीचा नमुना तपासणीचा उपाय इथे नेमका लागू पडतो. बाहेरच्या माणसाने थोडी मुले निवडून तपासावीत. निकाल शाळेचा समजावा, मुलाच्या नावावर काहीही लिहू नये. राष्ट्रीय पातळीवर अशा पाहण्या होतात. त्यांचा निष्कर्ष तालुक्यापर्यंत उतरून शिक्षकाला मदत म्हणून मिळाला पाहिजे, नोटीस म्हणून नव्हे.

आठवीपर्यंत क्रमांक लावू नका, पण सत्य लपवू नका. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर ते त्याच्या आईला साध्या मराठीत सांगा आणि त्याच महिन्यात त्याच्यावर जास्त मेहनत घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपुस्तकाची कल्पना आहे. ते पाच ओळींचे असले तरी चालेल, फक्त त्या पाच ओळी त्याच मुलाबद्दलच्या असाव्यात. त्यासाठी शिक्षकाच्या डोक्यावरची बाकीची कामे काढावी लागतील, याला दुसरा मार्ग नाही.

दहावीचे गुण खरे करा. अंतर्गत गुण ठेवायचे तर काही शाळांतली तोंडी आणि प्रात्यक्षिके बाहेरच्या शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या. कला-क्रीडेचा मान प्रमाणपत्रात स्वतंत्र छापा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन टक्केवारीवर होत आहेत. त्यामुळे वर्धा तालुक्यातल्या मुलाचा ८० आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाचा ८० हे एकाच मापाचे असणे हा आता न्यायाचा प्रश्न झाला आहे.

आणि घरी, निकालाच्या दिवशी टक्के विचारायला हरकत नाही. पण बापाने वर्षभर पोरीच्या हातात विजेचे बिल, माती परीक्षणाचा अहवाल, पीक विम्याचा कागद द्यावा आणि समजावून सांग म्हणावे. तिला ते सांगता आले तर शाळा तिचे काम करते आहे. सांगता आले नाही तर प्रगतिपुस्तकात काहीही असो, शाळेत जाऊन विचारण्याचा हक्क त्या बापाला आहे आणि तो त्याने बजावला पाहिजे.

गुण की ज्ञान, या वादात ज्ञानाची बाजू घेणे सोपे आहे, कारण तिला विरोध कोणीच करत नाही. वर्ध्याचा अनुभव त्याहून कठीण गोष्ट मागतो. १९३७ ची शाळा हरली ती तिच्याकडे ज्ञान कमी होते म्हणून नव्हे, तर त्या ज्ञानाला पुढच्या दारावर किंमत मिळाली नाही म्हणून. आजची शाळा तो दाखला सगळ्यांना देते आणि ज्ञान मात्र अनेकांना देत नाही. कास्तकाराच्या, मजुराच्या मुलाला या दोन्हींतले एकच चालणार नाही. त्याच्या गुणपत्रकावरचा प्रत्येक आकडा त्याला खरोखर येत असलेल्या गोष्टीवर उभा असला पाहिजे, आणि तसा तो उभा करण्याची जबाबदारी त्या मुलाआधी शाळेची, मंडळाची आणि सरकारची आहे. परीक्षा आधी त्यांची व्हायला हवी.